पहांटेची हवा आणि न दिसणारी धूळ

शाळेंतील आरोग्याच्या धड्यांत एक वाक्य हमखास आढळावयाचें. पहांटेची हवा शुद्ध व आरोग्यदायक असते, असें तें वाक्य. कित्येक पिढ्यांनीं तें पाठ केलें, परीक्षेंत लिहून त्याचे गुण मिळविले, आणि सेवानिवृत्तीनंतर त्यावर पूर्ण विश्वास ठेवून कितीतरी गृहस्थ आजही पौषाच्या थंडींत कानांना मफलर गुंडाळून अंधारांतच फिरावयास बाहेर पडतात. मुंबईंत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोंवतीं, पुण्यांत पर्वतीच्या पायऱ्यांवर, नागपुरांत फुटाळ्याच्या कांठीं हें दृश्य नित्याचें आहे. कोणी भरभर चालतो, कोणी दीर्घ श्वसन करतो, कोणी नातवाला बोटाशीं धरून आणतो. हेतु स्तुत्य, शिस्त वाखाणण्यासारखी. परंतु त्या वेळीं छाती भरून आंत घेतली जाणारी हवा असते कशी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तें जुनें वाक्य खोटें होतें असें कोणीं समजूं नये. चार चुली आणि दोन बैलगाड्या असलेल्या वाडीला तें आजही लागू पडेल. मोठ्या शहराच्या हिंवाळ्यांत मात्र पुष्कळदां त्याच्या उलट अनुभव येतो. त्याचें कारण उमजण्यास भौतिकशास्त्राचा एक लहानसा धडा पुरेसा आहे.

सूर्य मावळला म्हणजे जमीन थंड होऊं लागते. तिला लागून असलेला हवेचा थर थंड व जड होतो, आणि त्याच्या वर तुलनेनें उबदार हवेचा थर पसरून राहतो. दिवसां जमिनीजवळची हवा तापून वर जाते व आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. रात्रीं ती वाट बंद होते. भांड्यावर झांकण बसावें तसें शहरावर झांकण बसतें. रात्रभर धांवणाऱ्या मालमोटारींचा धूर, पहारेकऱ्यांच्या शेकोट्यांचा धूर, पहांटेच्या पावासाठीं पेटलेल्या भट्ट्यांचा धूर, सारा त्या झांकणाखालीं सांचत जातो. मुंबईला समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा मोठा आधार आहे. पण हिंवाळ्याच्या रात्रीं वारा जमिनीकडून समुद्राकडे वळतो आणि मंदावतो. म्हणून जानेवारीच्या सकाळीं मलबार हिलवरून पाहिलें, तर चौपाटीच्या कडेच्या इमारती करड्या पडद्यामागें गेल्यासारख्या दिसतात. पाहणारा त्याला धुकें म्हणतो व कौतुकानें पाहतो. ऊन चढलें, जमीन तापली, म्हणजे झांकण उचललें जातें आणि पडदा विरळ होतो. तोंपर्यंत आपले फिरावयास गेलेले गृहस्थ घरीं परतून चहा घेत असतात.

हा करडा पडदा कशाचा बनलेला असतो, हा आजच्या भाषणाचा विषय.

धूळ म्हटली कीं गृहिणीच्या डोळ्यांपुढें खिडकीच्या चौकटीवर, पुस्तकांच्या फळीवर बसणारा थर येतो. सकाळीं फडकें फिरवावें आणि सायंकाळीं पुन्हां बोट ओढून रेघ काढावी, अशी ती धूळ. परंतु जी धूळ खालीं बसते, ती त्या मानानें बरी समजावी. ती जाड असते. नाकांतील केस तिला अडवितात, घशांतील व श्वासनलिकेंतील चिकट द्रव तिला धरून ठेवतो, आणि नलिकेच्या आंतल्या बाजूस असलेले बारीक लव तिला वरवर ढकलीत बाहेर काढतात. खोकला, शिंक, बेडका हे त्या पहाऱ्याचेच प्रकार होत.

भय आहे तें जी खालीं बसत नाहीं त्या धुळीचें. तिचे कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणें पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो; अर्थात् असे वीस ते तीस कण शेजारीं शेजारीं मांडावे तेव्हां एका केसाची जाडी भरावयाची. हे कण हवेंत दिवसेंदिवस तरंगत राहतात, बंद खिडकीच्या फटींतून घरांत शिरतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या अगदीं शेवटच्या कोठ्यांत, म्हणजे वायुकोशांत, जाऊन पोंचतात. तेथें लव नाहींत. तेथें हवा आणि रक्त यांच्यामध्यें कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ असा पडदा आहे. कारण प्राणवायूनें सहज पलीकडे जावें अशीच निसर्गाची योजना आहे. या कणांतील जे अतिसूक्ष्म असतात ते तोही पडदा ओलांडून रक्तांत उतरूं शकतात.

आतां थोडें गणित करून पाहूं. प्रौढ माणूस दिवसाकाठीं सुमारें अकरा हजार लिटर, म्हणजे अकरा घनमीटर हवा आंत घेतो. भारत सरकारनें २००९ सालीं ठरविलेल्या मानकाप्रमाणें या सूक्ष्म धुळीचें वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आंत असावें. तें प्रमाण धरलें तर अकरा गुणिले चाळीस म्हणजे ४४० मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी धूळ दिवसाला शरीरांत जाण्याच्या वाटेवर असते. मोहरीचा एक दाणासुद्धां याहून पुष्कळ जड. मग एवढ्याशा धुळीचा इतका बाऊ कशासाठीं, असें कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे.

त्याचें उत्तर दुसऱ्या एका गणितांत आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचें मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे कापून कापून एक मायक्रॉन बाजूचे कण केले, तर वजन तेंच राहील. परंतु साऱ्या कणांचें एकूण क्षेत्रफळ साठ हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे सहा चौरस मीटर होईल. बोटाच्या चिमटींत मावणारी वस्तु लहानशा खोलीच्या जमिनीएवढी पसरली! हा पसारा रिकामा राहत नाहीं. ज्वलनांतून निघालेल्या वाफा, तेलकट द्रव्यें, आम्लें आणि धातूंचे अंश त्यावर येऊन चिकटतात. सूक्ष्म कण ही एक गाडी आहे, आणि तिच्यांतील उतारू हीं निरनिराळीं रासायनिक विषें. गाडीचें वजन किती हें तराजू सांगतो. तिच्यांत कोण बसलें आहे हें तराजूला कळत नाहीं.

या उतारूंपैकीं पहिल्याची ओळख जगाला अडीचशें वर्षांपूर्वीं झाली. लंडनमधील पर्सिव्हल पॉट नांवाच्या शल्यवैद्यानें १७७५ सालीं असें लिहून ठेवलें कीं, लहानपणीं धुराडीं साफ करण्याचें काम केलेल्या माणसांना गुह्यभागाचा एक विशिष्ट कर्करोग होतो. त्या काळीं तेथें अरुंद धुराड्यांत गरिबांचीं लहान लहान पोरें चढवीत असत. काजळी त्यांच्या कातडीच्या घड्यांत मुरे आणि रोग उगवे तो पुढें वयांत आल्यावर. काजळींतील नेमकें कोणतें द्रव्य हें करतें याचा पत्ता लागावयास दीड शतकाहून अधिक काळ गेला. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा या दोघां शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचें डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. आणि १९३३ सालीं लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांनीं दोन टन डांबरी गाळ उकळून, गाळून त्यांतून बेंझोपायरीन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें.

लांकूड, कोळसा, केरकचरा, डिझेल, तंबाखू, यांपैकीं कांहींही अर्धवट जळलें कीं हें द्रव्य आणि त्याचे भाऊबंद तयार होतात व काजळीच्या कणांवर स्वार होतात. त्याची तऱ्हाही विलक्षण आहे. मूळ स्वरूपांत तें फारसें अपाय करीत नाहीं. शरीर मात्र या परक्या तेलकट पदार्थाला पाण्यांत विरघळवून बाहेर टाकावयास जातें, आणि त्या प्रयत्नांत त्याचें अशा एका रूपांत परिवर्तन होतें कीं, तें पेशींतील आनुवंशिक द्रव्याला घट्ट चिकटून बसतें. पेशीच्या आज्ञापत्रांतलें एखादें अक्षर बदलतें आणि चुकीची नक्कल पुढें चालूं राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१३ सालीं बाहेरच्या हवेचें प्रदूषण आणि त्यांतील धूलिकण यांना मानवांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गांत घातलें. तंबाखूचा धूर त्याच वर्गांत आहे.

दुसरे उतारू आम्लांचे. गंधकयुक्त कोळसा वा तेल जळलें म्हणजे जो वायु निघतो, त्याचें हवेंतील ओलाव्यांत गंधकाम्ल बनतें. १९५२ सालच्या डिसेंबरांत, ५ पासून ९ तारखेपर्यंत, लंडनवर वर सांगितलेलें झांकण घट्ट बसलें आणि घरोघरच्या शेगड्यांचा धूर त्याखालीं कोंडला. त्या दिवसांत अर्ल्स कोर्ट येथें गुरांचें प्रदर्शन भरलें होतें. तेथील धष्टपुष्ट बैल धापा टाकूं लागले व कांहीं मेले. माणसांचे मृत्यु नेहमींपेक्षां सुमारें चार हजारांनीं अधिक झाले, असा त्या वेळीं हिशेब निघाला. पुढें झालेल्या फेरमोजणींत तो आंकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्या धक्क्यानें ब्रिटिश पार्लमेंटनें १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा केला. आजच्या शहरांत तसा काळा धूर सहसा दिसत नाहीं. पण गंधकाचे व नत्राचे वायु अमोनियाशीं संयोग पावून हवेंतच नवे कण जन्माला घालतात, आणि ते वाऱ्याबरोबर शेकडों मैल जातात. अशा कणाला कोणतेंही एक धुराडें आपलें म्हणत नाहीं.

तिसरे उतारू धातूंचे. जहाजांच्या जड तेलांतून व्हॅनेडियम आणि निकेल, कोळशांतून व धातू वितळविण्याच्या भट्ट्यांतून आर्सेनिक, मोटारींचे ब्रेक झिजून तांबें आणि लोखंड, टायर झिजून जस्त, असे हे धातु येतात. त्यांचें प्रमाण अत्यल्प असतें. पण यांपैकीं कांहीं धातु स्वतः खर्ची न पडतां पुन्हां पुन्हां तीच रासायनिक क्रिया घडवून आणतात. फुप्फुसाच्या ओलसर पृष्ठावर ते प्राणवायूला असें उग्र रूप देतात कीं, त्यानें शेजारच्या पेशी पोळतात व तेथें दाह सुरू होतो.

गाडीपेक्षां उतारू महत्त्वाचे, याचा पुरावा काय? तो अमेरिकेंतील यूटा राज्याच्या एका दरींत मिळाला, आणि तोही एका संपामुळें. त्या दरीच्या भोंवतीं डोंगर, मध्यें सरोवर, आणि सरोवराच्या कांठीं पोलादाचा जुना कारखाना. हिंवाळ्यांत तेथेंही झांकण बसे. १९८६ च्या ऑगस्टांत कारखाना बंद पडला व तेरा महिन्यांनीं, १९८७ च्या सप्टेंबरांत, पुन्हां सुरू झाला. आर्डन पोप नांवाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें रुग्णालयांचीं दप्तरें काढून पाहिलीं. त्या दरींतील बहुतेक लोक धर्मनिष्ठ असून तंबाखूला शिवत नसत. म्हणून दोष विडीकाडीवर ढकलण्याची सोय नव्हती. पोपला असें आढळलें कीं, कारखाना चालू असलेल्या हिंवाळ्यांत श्वासनलिकेचा दाह व दमा यांसाठीं रुग्णालयांत आणलेल्या मुलांची संख्या बंदच्या हिंवाळ्यापेक्षां दुप्पट-तिप्पट होती. १९८९ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें.

याहून पुढची गोष्ट अधिक बोधक आहे. हवा मोजण्यासाठीं वापरलेले गाळणकागद कोणीं तरी जपून ठेवले होते. बंदपूर्वींचे, बंदच्या काळांतील आणि पुन्हां सुरू झाल्यानंतरचे, असे तीनही काळांचे कागद उपलब्ध होते. शास्त्रज्ञांनीं त्यांवरील धुळीचा पाण्यांत अर्क काढला आणि तो सारख्याच मात्रेनें निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसाच्या लहानशा भागांत सोडला. २००१ सालीं त्याचा निष्कर्ष जाहीर झाला. कारखाना चालू असतांनाच्या धुळीनें फुप्फुसांत स्पष्ट दाह झाला. बंदच्या काळांतील धुळीनें तो फारसा झाला नाहीं. मात्रा तीच, जागा तीच. फरक होता तो धातूंच्या प्रमाणांत.

दाह फुप्फुसांतच राहिला असता तर प्रकरण खोकल्यावर भागलें असतें. परंतु त्याची वर्दी रक्तांतून सर्व शरीराला पोंचते. रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठरतात, आणि ज्याच्या हृदयाच्या वाहिन्यांत आधींच मेद सांचला आहे त्याला झटका येण्याचें भय वाढतें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या सहा शहरांतील ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षें नजर ठेवून केलेल्या अभ्यासांत, धूम्रपानादि इतर कारणें वजा केल्यावरही सर्वांत मलिन शहरांतील मृत्यूचें प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षां शेंकडा २६ नें अधिक भरलें.

वृद्धांची ही कथा. मुलांची याहून हृदयद्रावक. दक्षिण कॅलिफोर्नियांतील निरनिराळ्या गांवीं दहा वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसांची शक्ति दरवर्षीं मोजीत मोजीत तीं अठरा वर्षांचीं होईपर्यंत पाहणी केली. २००४ सालीं निघालेल्या निष्कर्षाप्रमाणें, सूक्ष्म धूळ सर्वांत जास्त असलेल्या गांवीं अठराव्या वर्षीं दुबळीं फुप्फुसें असलेल्या मुलांचें प्रमाण सर्वांत स्वच्छ गांवाच्या सुमारें पांचपट होतें. फुप्फुसांची वाढ त्या वयानंतर जवळजवळ थांबते. जें भांडवल त्या वयांत जमलें नाहीं तें पुढें कोणत्याही टॉनिकानें भरून निघत नाहीं. त्याच पाहणीचा उत्तरार्ध मात्र आशादायक आहे. त्या प्रदेशाची हवा पुढें कायद्यानें सुधारली, आणि नंतरच्या मुलांचीं फुप्फुसें आधींच्या मुलांपेक्षां अधिक वाढलेलीं आढळलीं. तें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें आहे.

आपल्याकडील मानकांचा उल्लेख वर आलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सूक्ष्म धुळीची इष्ट वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपली ४० ची मर्यादा तिच्या आठपट आहे, आणि उत्तरेकडील कित्येक शहरें तीही ओलांडतात. २००९ च्या भारतीय मानकांत एक गोष्ट चांगली आहे. त्यांत बारा प्रदूषकांची यादी असून शिसें, आर्सेनिक, निकेल आणि बेंझोपायरीन यांनाही मर्यादा घातलेल्या आहेत. परंतु वृत्तपत्रांत व फोनवर रोज जो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक येतो, तो आठ प्रदूषकांवरून काढतात; आर्सेनिक, निकेल व बेंझोपायरीन त्यांत येत नाहींत. म्हणून दोन दिवसांचा आंकडा सारखा असला, तरी हवा सारखीच होती असें मानण्याचें कारण नाहीं. एका दिवसाच्या धुळींत रस्त्याची माती अधिक असेल, तर दुसऱ्या दिवशीं त्याच वजनांत जळलेल्या प्लॅस्टिकचा धूर असेल.

मुंबईनें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा १९१२ सालींच केला होता. गिरण्यांचीं धुराडीं तेव्हां शहरावर काळे झेंडे फडकवीत उभीं असत, आणि दिसणारा धूर हा शत्रु समजला जाई. धुराडीं गेलीं, शत्रूनें वेष पालटला. २०१६ च्या जानेवारींत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तेव्हां भोंवतालच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगींत क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक जळून डायॉक्सिन नांवाचीं द्रव्यें निघतात. तीं शरीरांतील चरबींत वर्षानुवर्षें ठाण मांडतात. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें लांकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना व तंदुरांना सहा महिन्यांत गॅस वा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्यास फर्माविलें. पाव हें गरिबाचें अन्न आहे आणि भट्टी बदलण्यास पैसा लागतो, ही भट्टीवाल्यांची अडचण खरी आहे. परंतु मोडक्या फर्निचरचें रंग लावलेलें लांकूड भट्टींत जातें, तेव्हां त्या रंगाचे धातुही धुराबरोबर बाहेर पडतात, हेंही तितकेंच खरें. फटाक्यांच्या हिरव्या रंगासाठीं वापरल्या जाणाऱ्या बेरियमच्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मनाई केली, ती याच विचारानें.

आतां घरापुरतें काय करतां येईल तें थोडक्यांत सांगावयाचें. पहिली गोष्ट ही कीं, हिंवाळ्यांत फिरावयास जाण्याची वेळ ऊन चढल्यावरची ठेवावी, आणि वाट हमरस्त्याच्या कडेची नसावी. चार गल्ल्या आंत गेल्यानेंही वाहनांच्या धुरांत फरक पडतो. हृद्रोग वा दमा असलेल्यांनीं व लहान मुलांनीं ज्या दिवशीं करडा पडदा दाट असेल त्या दिवशीं पळणें, खेळणें, दीर्घ श्वसन हीं घरांतच करावीं. तोंडाला रुमाल बांधल्यानें जाड धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहींत. त्यासाठीं एन-९५ जातीचा मुखपट्टा, तोही गालांशीं घट्ट बसलेला, हवा. स्वयंपाकघरांतील फोडणीचा धूर बाहेर घालविणारा पंखा चालूं ठेवावा. डास हांकलण्याची वेटोळ्यांची उदबत्ती बंद खोलींत रात्रभर जाळणें हें तर स्वहस्तें धूर कोंडून घेणें होय. अशा एका वेटोळ्यांतून निघणारे सूक्ष्म कण ७५ हून अधिक सिगारेटींइतके भरतात, असें प्रयोगांत आढळलें आहे. मच्छरदाणी जुनी असली तरी तिच्यासारखी निर्धोक वस्तु नाहीं. आणि आवारांत वाळलेला पाला, कागद, पिशव्या पेटवून देण्याची झाडूवाल्याची वा पहारेकऱ्याची संवय त्याला रागें भरून सुटणार नाहीं. तो केर नेण्याची व्यवस्था आणि त्याच्या थंडीसाठीं एक जाड घोंगडी, या दोन्ही गोष्टी सोसायटीनें केल्या पाहिजेत.

तथापि घरगुती उपायांना मर्यादा आहे. पाणी गाळून पितां येतें, अन्न निवडून खातां येतें. हवा मात्र सर्वांची एकच. येथें शिशाची हकीकत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९२१ सालीं अमेरिकेंत असा शोध लागला कीं, पेट्रोलांत शिशाचें एक द्रव्य मिसळलें म्हणजे मोटारीचें यंत्र खडखडत नाहीं. १९२३ पासून तें विकलें जाऊं लागलें आणि पुढें साऱ्या जगाच्या मोटारी शिशाचे कण ओकूं लागल्या. शिसें मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितें, बुद्धि मंद करतें, आणि त्याचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण आढळलेलें नाहीं. अर्ध्या शतकाच्या वादानंतर तें कमी करण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेंत १९७६ ते १९८० या काळांत पेट्रोलांतील शिशाचा वापर सुमारें निम्म्यावर आला, आणि लोकांच्या रक्तांतील शिशाची सरासरी एक तृतीयांशाहून अधिक घटली. कोणीं औषध घेतलें नव्हतें, कोणीं मुखपट्टा बांधला नव्हता. भारतांत २००० सालीं शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, त्यानें २०२१ सालीं तें थांबविलें. एका उतारूला जगभर गाडींतून खालीं उतरविण्यास शंभर वर्षें लागलीं. पण तो उतरला.

बाकीच्यांचेंही तसेंच आहे. ते कोठें चढतात हें आतां ठाऊक झालें आहे. कचऱ्याच्या ढिगावर, भट्टीच्या तोंडाशीं, जहाजाच्या आणि मालमोटारीच्या धुराड्यांत त्यांना अडविलें पाहिजे. नागरिकानें आपल्या नगरसेवकाला नुसती हवा सुधारा असें सांगून भागत नाहीं. आपल्या वॉर्डांत काय जळतें, कोठें जळतें, आणि हवेंतील धुळींत काय सांपडलें याचा तपशील मागितला पाहिजे. यूटाच्या त्या दरींत ज्यानें गाळणकागद फेकून न देतां जपून ठेवले, त्याच्याइतकी जागरूकता प्रत्येक शहराला हवी आहे.

आणि उद्यां पहांटे एखादे आजोबा नातवाला घेऊन निघतील, तेव्हां घरांतील सूनबाईंनीं त्यांना हटकूं नये; फक्त खिडकीबाहेर पाहून म्हणावें, बाबा, चहा घ्या, थोडें ऊन येऊं द्या, मग दोघेही जा. शाळेंतील त्या धड्यांत एवढी दुरुस्ती आजोबांनीं आनंदानें करून घ्यावी. शहराची हवा मुळांतून सुधारेल आणि तें जुनें वाक्य पुन्हां निःशंकपणें शिकवितां येईल, तो दिवस त्या नातवाच्या हयातींत उगवणें सर्वथैव शक्य आहे.